लाल खडूतलं हौतात्म्याचं अभ्यासचित्र: मारेकऱ्याचा हात चिकटवल्यासारखा दिसतो आणि खडू चमकतो

रेघोट्या_विश्रामबाग

नमस्कार मंडळी. सोळाव्या शतकातल्या इटालियन अभ्यासचित्रांच्या नकला करतोय. सध्या समोर पोर्देनोने या चित्रकाराचं लाल खडूतलं चित्र आहे, संत पीटर मार्टरच्या हत्येचं. काळ साधारण १५२६ ते १५२८, चित्र लॉस एंजेलिसच्या गेटी संग्रहालयात. साइटवरची मोठी प्रतिमा उतरवून ए-३ वर छापून घेतली आहे. नक्कल झाली की हाच प्रसंग स्वतःच्या मांडणीत, मॉडेल उभा करून करायचा आहे.

साहित्य: ऑनलाइन मागवलेली सँग्विन (लाल खडूच्या रंगाची) पेन्सिल, कॅन्सनचा मी-तांत कागद (१६० ग्रॅम, बदामी), खाली हलका कोळसा, साधं खोडरबर.

अडलंय ते असं. गडद भागात दुसरा-तिसरा थर दिला की खडू बसतच नाही, घसरतो आणि चमकायला लागतो. कोळशावर लाल रेघ मारली की ती मातकट होते. रबर लावलं की गुलाबी डाग राहतो. वार करायला उगारलेला हात खांद्याला नंतर आणून जोडल्यासारखा दिसतो. माप बरोबर आहे, तरीही. काही जुन्या अभ्यासचित्रांवर चौकटी आखलेल्या असतात, त्या नकलेत घ्यायच्या का? आणि शेवटचं, सांगलीतला जुलै. कागद सकाळी पापडासारखा वर आलेला असतो.

ओळंबा

हाताचं आधी घेतो, कारण बाकीचं सगळं साहित्याचं आहे, हे चित्राचं आहे.

प्रसंग नीट माहीत असला की कुणाच्या अंगावर किती काम करायचं ते कळतं. वेरोनाचा पीटर हा डॉमिनिकन साधू, पाखंड्यांची चौकशी करणारा धर्मन्यायाधीश. ६ एप्रिल १२५२ रोजी कोमोहून मिलानला जाताना रानातल्या रस्त्यावर भाडोत्री मारेकऱ्यांनी त्याला गाठलं, डोक्यात कोयत्यासारखं हत्यार घातलं. पुढच्याच वर्षी, १२५३ मध्ये, त्याला संतपद मिळालं. म्हणून चित्रात तीन भूमिका कायम असतात: पडलेला, मारणारा, पळणारा सोबती. पडलेल्याचं बरंचसं परंपरेनं ठरलेलं आहे. डोक्याला जखम, कधी जमिनीवर रक्तानं लिहिलेला श्रद्धामंत्राचा पहिला शब्द, वर बघणारी नजर. पळणाऱ्याचंही फार अवघड नाही, घाबरून मागे बघणारा माणूस. खरा प्रश्न मारणाऱ्याचा. त्याला परंपरा काही देत नाही. तो पटला नाही तर संतही पटत नाही.

हे अंदाजानं सांगत नाही. वेनिसचा चित्रकार तिश्यान याच्या संत लॉरेन्सच्या हौतात्म्याच्या चित्रासाठीचा, फ्लोरेन्सच्या उफित्सी संग्रहालयातला निळ्या कागदावरचा अभ्यास बघा, त्यात काय आहे? मारेकऱ्याचे पाय. मायकेलअँजेलोच्या व्हॅटिकनमधल्या पाउलिन चॅपेलातल्या संत पीटरच्या क्रूसारोहणाच्या भित्तिचित्राचं जे मोठं पूर्वचित्र नेपल्सच्या कापोदिमोन्ते संग्रहालयात तुकड्याच्या रूपात उरलंय, त्यातही संत नाही, पाठमोरे सैनिक आहेत. काय टिकलं हा योगायोग असेल, मान्य. पण मेहनत कुठे जायची ते दिसतं. लोक मात्र नक्कल करताना संताचा चेहरा घोटत बसतात.

आता हात. माप बरोबर असूनही चिकटवल्यासारखा दिसतो याचं कारण जवळजवळ नेहमी एकच: हात वर केला, खांदा खालीच ठेवला. अंगाशी टेकलेला हात डोक्यावर सरळ जाईपर्यंत सुमारे १८० अंश फिरतो, त्यांपैकी १२०च्या आसपास खांद्याच्या सांध्यात होतात आणि उरलेले ६० खवाटा, म्हणजे पाठीवरचं त्रिकोणी हाड, फिरल्यामुळे मिळतात. खवाटा फिरला की त्याचं खालचं टोक बरगड्यांवरून बाहेर सरकतं आणि काखेच्या मागे उठून दिसतं. गळ्याजवळचं हाड बाहेरच्या टोकाला वर चढतं. त्या बाजूचा खांदा कानाजवळ जातो, मानेची रेघ आखूड होते. छातीचा स्नायू ताणून चपटा होतो, स्तनाग्र वर ओढलं जातं. काखेत दोन घड्या पडतात, पुढची छातीच्या स्नायूची, मागची पाठीच्या रुंद स्नायूची, आणि मध्ये खोल सावली. ही सावली तुमच्या चित्रात आहे का बघा. नसेल तर खांदा खालीच आहे.

दुसरी चूक वजनाची. गळ्याच्या खळगीतून ओळंबा, म्हणजे सरळ खाली जाणारी रेषा, सोडा. माणूस नुसता एका पायावर भार देऊन उभा असेल तर ओळंबा त्या पायाच्या घोट्यावर येतो. उगारण्याच्या क्षणी भार मागच्या पायावर असतो, वार सुटला की पुढच्या पायावर जातो, मधल्या क्षणी ओळंबा दोन्ही पायांच्या आधाराबाहेर पडू शकतो, तिथेच हालचाल दिसते. बहुतेक नकलांत ओळंबा बरोबर दोन पायांच्या मध्ये येतो. असा मारेकरी मारत नाही, सलामी देतो.

मॉडेलसाठी सांगली-साताऱ्याकडे माणूस शोधायला लांब जायला नको, तालमीत विचारा. मुद्गल किंवा जोडी फिरवणाऱ्याला हात मागे नेण्याची सवय असते, खवाटा कसा सरकतो ते त्याच्या पाठीवर स्वच्छ दिसतं. ऊसतोडीची पोझ घेऊ नका. तो कोयता बुंध्याशी, खाली वाकून चालतो, खांदा वर जात नाही. लाकूड फोडणाऱ्याची घ्या. उगारलेला हात ३ ते ५ मिनिटांपलीकडे कुणीही खरा धरू शकत नाही, पैलवानसुद्धा. नंतर खांदा उतरतो आणि तुम्ही उतरलेलाच काढता. म्हणून वरून दोर सोडून मनगटाला आधार द्या. तेव्हाच्या चित्रशाळांतही हेच करत, शिकाऊ पोरं काठी किंवा दोर धरून पोझ देत. फक्त एक, दोरावर भार टाकलेला स्नायू सैल पडतो. म्हणून आधी २-३ मिनिटं दोराशिवाय, काख आणि खांदा तेवढा टिपून घ्या. मग दोर, मग बाकीचं अंग.

आणि आधी उघडं अंग काढा, कपडे नंतर. चित्रकलेवर ग्रंथ लिहिणाऱ्या आल्बेर्तीने १४३५ मध्येच हाडं, मग स्नायू, मग वस्त्र असा क्रम सांगितला आहे. झग्याची घडी कुठून ताणली जाते ते खांदा कुठे आहे त्यावर ठरतं.

गेरू_आणि_शाडू

चमकण्याबद्दल. पेन्सिलीवर ‘ऑइल बेस’ लिहिलंय का बघा. लिहिलेलं नसेल तर कागदाच्या तुकड्यावर गडद पट्टा मारा आणि पाण्याचा एक थेंब ठेवा. कोरडा खडू असेल तर पाणी पटकन आत जातं आणि रंग काळपट होतो. तेल किंवा मेण असेल तर थेंब मण्यासारखा वर बसतो. तसा बसला तर ती पेन्सिल पहिल्या फिक्या रेघांना चांगली, सावलीला नाही. मेणाचा थर कागदाचे खड्डे बुजवतो, वर दुसरा थर धरायला जागाच उरत नाही. कितीही दाबा, चमकच वाढणार.

तेव्हाचा लाल खडू म्हणजे खाणीतून निघालेला दगड, लोहाचं ऑक्साइड आणि चिकणमाती यांचं नैसर्गिक मिश्रण. चित्रकारांची चरित्रं लिहिणाऱ्या वासारीने लिहिलंय की लाल जर्मनीच्या डोंगरांतून येतो आणि काळा फ्रान्समधून. काळा म्हणजे कार्बन असलेला पाटीसारखा मऊ दगड. चित्रकलेचं हस्तपुस्तक लिहिणाऱ्या चेन्निनीने त्याच्याही आधी पिएमोंतेहून येणाऱ्या अशा काळ्या दगडाची नोंद केली आहे. या दगडाला टोक काढता येतं, बारीक रेघ निघते, ती पुसत नाही आणि बोटाने फारशी पसरतही नाही. म्हणजे जी रेघ मारली ती राहिली. दुकानातले मऊ, चौकोनी खडू त्याच्या जवळ जात नाहीत. ते पसरतात छान, पण रेघ देत नाहीत.

आपल्याकडचा गेरू त्याच घराण्यातला. फक्त त्यात रेती असते आणि बाजारातल्या काही मालात रंग मिसळलेला असतो. आधी ती तपासणी करा. चमचाभर गेरू ग्लासभर पाण्यात ढवळून पूर्ण दिवस ठेवा. खाली बसून वरचं पाणी नितळ झालं तर ठीक. पाणी लालच राहिलं तर डाय आहे, तो गेरू कुंड्यांना लावा.

चांगला गेरू खलबत्त्यात कुटून बादलीत भरपूर पाण्यात ढवळा. ३०-४० सेकंद थांबा, तेवढ्यात जाड रेती तळाला जाते. वरचं लाल पाणी दुसऱ्या भांड्यात ओता, तळाचं टाकून द्या. हे तीनदा करा. शेवटचं पाणी रात्रभर ठेवून नितळ पाणी काढून टाका, गाळ सावलीत वाळवा. दाताखाली कचकच लागली तर अजून रेती आहे असं जुने रंगवाले सांगत, तुम्ही दाताऐवजी काचेवर नखाने घासून बघा. ही रेतीच पुढे कागदावर पांढरे ओरखडे काढते, आणि दोष मात्र कागदाला लागतो.

धुतलेला गेरू ६० ग्रॅम, मलमलीतून गाळलेली शाडू २० ग्रॅम. शाडूऐवजी चिनी माती चालेल. बांधणीला कतिरा डिंक, १ ग्रॅम १०० मिली पाण्यात रात्रभर भिजवून, गाळून. तो चमच्याचमच्याने घालत कणकेइतका घट्ट गोळा मळा. ७-८ मिलीमीटर जाडीच्या, बोटभर लांब कांड्या वळा आणि वर्तमानपत्रावर सावलीत ३-४ दिवस ठेवा, रोज फिरवत. उन्हात ठेवल्या की वरचं आधी वाळतं, आत ओल राहते, मधोमध तडकतात. जुलैत सांगलीत आठवडा धरा.

एकाच ताकदीचा डिंक करू नका. अर्धा ग्रॅम, एक, दीड अशा तीन वाट्या करा आणि प्रत्येकीच्या दोन-दोन कांड्या. माती प्रत्येक ठिकाणची वेगळी, कुठली जमेल ते कांडी वाळल्यावरच कळतं. डिंक जास्त झाला तर कांडी वाजते, कागदावर घसरते, रंग सोडत नाही. कमी झाला तर टोक धरायच्या आधीच भुगा. दोन्ही फुकट जात नाही: कुटून परत मळता येतं, कडक झालेली नुसत्या पाण्यात, ठिसूळ झालेली जास्त डिंकात.

जास्त केशरी हवं असेल तर धुतलेली सोनकाव लोखंडी तव्यावर मंद आचेवर परता. पिवळी माती आधी केशरी, मग लाल होते, कारण तिच्यातलं बांधलेलं पाणी निघून जातं. हवा त्या छटेला उतरवा. खिडकी उघडी ठेवा, आणि तो तवा परत भाकरीला नको.

उजवी_तिरपी

वरचं सगळं बरोबर, पण नकलेसाठी कांड्या वळत बसायची गरज नाही असं माझं मत. कोरडी सँग्विन पेन्सिल आणा, ब्लेडने लांब टोक काढा, काम होतं. गेरूच्या कांड्या स्वतःच्या मोठ्या मांडणीला ठेवा.

पहिली गोष्ट, ए-३ प्रिंट बाजूला करा. संग्रहालयाच्या पानावर चित्राचं माप सेंटिमीटरमध्ये दिलेलं असतं, त्याच मापात छापा. मोठं करून नक्कल केली की मूळ रेघांमधलं अंतर वाढतं, तुमचं टोक तेवढंच राहतं, मग मधल्या जागा भरायला तुम्ही जास्त रेघा मारता. अर्ध्या चमकीचं कारण हेच असणार. दुसरी प्रत करड्यात छापा. साधे प्रिंटर लाल रंग भडक करतात, त्यामुळे सावली आहे त्यापेक्षा गडद वाटते. उजेड-अंधार करड्या प्रतीवरून घ्या, रेघ रंगीत प्रतीवरून.

मी-तांतला दोन बाजू आहेत. एकीवर मधाच्या पोळ्यासारखी नक्षी दिसते, दुसरी त्यामानाने गुळगुळीत. दुसरी वापरा, नाहीतर मारेकऱ्याच्या मांडीवर जाळी उमटते. यापेक्षा आंग्र जातीचा, समांतर रेषा असलेला कागद जास्त बरा. जुना कागद तारांच्या जाळीवर बनायचा आणि खडू त्या रेषांवर जसा अडकायचा, तसाच इथेही अडकतो.

कोळशावर लाल मातकट होणारच, काळी भुकटी लाल रेघेत मिसळते. कोळसा ठेवायचा असेल तर मांडणीपुरता, वेलीच्या बारीक कोळशाने, आणि पिसाने झटकून नुसती छाया उरेल इतका. त्याहून चांगला उपाय तेव्हाचाच आहे: बोथट धातूच्या टोकाने रंगाविना खुणा करणं. शाई संपलेला बॉलपेन चालतो. दाब मात्र अगदी कमी ठेवा. खोल चर पडली की लाल खडू तिच्यावरून उडी मारतो आणि सावलीच्या मधोमध पांढरी रेघ उमटते. जुन्या चित्रांवर अशा पांढऱ्या रेघा दिसल्या तर तो चुकलेला उजेड नाही, आधीची खूण आहे. ती नकलेत रंगवून आणू नका.

खोडरबर टाकून द्या. लाल खडूचे कण इतके बारीक असतात की रबर त्यांना उचलण्याऐवजी धाग्यांत दाबतं, वरून कागद तेलकट करतं. मळायचं रबर फक्त टेकवायचं आणि उचलायचं, घासायचं नाही. शिळ्या पावाचा गर त्याहून मऊ आणि तेव्हाही हाच वापरत. पाव साधा हवा, लोण्याचा नको. तरी पूर्ण पुसलं जाणार नाही. लाल खडू निवडणाऱ्याने हे धरूनच चालायचं. म्हणून पहिल्या रेघा इतक्या फिक्या की हातभर अंतरावरून दिसू नयेत, त्यांवर दुसरी बाह्यरेषा, तिसरी. दोन-तीन बाह्यरेषा दिसल्या तर दिसू द्या. मूळ चित्रकारांनीही त्या लपवल्या नाहीत.

रेघांची दिशा. उजव्या हाताच्या माणसाच्या सावलीच्या तिरप्या रेघा वर उजवीकडून खाली डावीकडे येतात, डावखुऱ्याच्या उलट. लिओनार्दोच्या तशा आहेत. लाल खडूचं चित्र ओलसर कागदावर दाबून त्याचा उलटा ठसा काढायची पद्धत होती आणि असे ठसे संग्रहालयांत बरेच आहेत. ठसा फिका असतो, रेघा डावखुऱ्या दिसतात आणि मारेकरी डाव्या हाताने वार करतो. कुठलंही चित्र नकलेला घेण्याआधी नोंदीत तो ठसा नाही ना ते वाचा. नाहीतर तुमचा हात दिवसभर स्वतःच्या विरुद्ध जाईल आणि का ते कळणार नाही.

गडद करायचं ते तीन थरांत. पहिला सबंध सावलीवर एकाच दिशेच्या रेघांनी, दाब जवळजवळ शून्य. दुसरा फक्त सावलीच्या गाभ्यात, रेघा अंगाच्या गोलाईबरोबर वळवून. तिसरा काख, मानेखाली, गुडघ्यामागे, आणि पडलेल्याचं अंग जमिनीला टेकतं तिथे. त्याहून गडद हवं तिथे टोक ओलं करा आणि एकदाच लावा. ओला लाल खडू काळपट-तपकिरी होतो, धाग्यांत मुरतो, परत हलत नाही. सगळ्या चित्रात अशा ८-१० जागा पुरतात. जास्त झाल्या की मारेकरी ओतीव पुतळ्यासारखा दिसतो. बोटाने चोळू नका, तळहाताखाली कोरा कागद ठेवा.

पांढरा खडू या नकलेत नकोच. स्वतःच्या मांडणीत बदामी कागदावर घेतलात तर लाल आणि पांढऱ्याच्या मध्ये कागदाची पट्टी मोकळी सोडा. दोन्ही एकमेकांत गेले की मिठाईचा गुलाबी होतो, आणि हौतात्म्याला तो शोभत नाही.

रेघोट्या_विश्रामबाग

थेंबाची परीक्षा केली, थेंब वर बसला. पेन्सिल बदलतो. काखेतली सावली माझ्याकडे नव्हतीच. चौकटींचं राहिलं, आणि हातकागदाचंही. पुण्याच्या हातकागद संस्थेचा कागद आणला तर त्यावर खडू फार ओढला जातो, रेघ जाड येते.

उजवी_तिरपी

चौकटी म्हणजे अभ्यास मोठ्या मापात नेण्याची सोय. एकट्या हाताच्या किंवा पायाच्या अभ्यासावर त्या क्वचित असतात, पूर्ण मांडणीवर जास्त. नकलेत मूळवर असतील तर शेवटी, फिक्या आखा, आधी आखून त्यांच्या आधाराने नक्कल करू नका. चौकट बघून काढलेलं चित्र चौकटीपुरतं बरोबर येतं, अंग तुकड्यातुकड्यांनी बनतं, आणि खांद्याचा तुमचा मूळ रोग तोच आहे.

तुमच्या मांडणीला त्या लागतील. उंचीचे ८ आणि रुंदीचे ६ असे समान भाग करा, दोन्ही बाजूंना आकडे घाला, मोठ्या कागदावर तेवढेच भाग. हत्यार धरलेली मूठ आणि संताचं डोकं येतं त्या चौकटींना परत चार भाग द्या, बाकीच्यांना गरज नाही. खडूच्या मूळ अभ्यासावर थेट आखायचं नसेल तर काठाला टाचण्या टोचून पांढरा दोरा ताणा. जास्त मोठ्या मापासाठी रेघांवर सुईने भोकं पाडून कोळशाच्या भुकटीची पुरचुंडी आपटतात. रांगोळीचे छापे ज्यांनी वापरलेत त्यांना हे समजवावं लागत नाही. भोकं मूळ अभ्यासावर पाडू नका, ट्रेसिंगवर पाडा.

जुना_कागद_मिरज

हातकागदाला खळ, म्हणजे कागदाचं शोषण कमी करणारा लेप, कमी असते म्हणून खडू ओढला जातो. तेव्हाचा कागद चिंध्यांचा आणि जिलेटिनच्या पाण्यात बुडवून वाळवलेला असायचा. तेच करा. बिनचवीचं जिलेटिन २ ग्रॅम १०० मिली गार पाण्यात अर्धा तास फुगवा. मग भांडं गरम पाण्यात ठेवून विरघळवा, ५०-६० अंशांच्या वर नेऊ नका, उकळलं की चिकटपणा तुटतो. कोमट असतानाच रुंद मऊ ब्रशने दोन्ही बाजूंना एकेक हात द्या, दोरीवर न टांगता जाळीवर आडवा वाळवा. ५ ग्रॅमपर्यंत गेलात तर कागद कातड्यासारखा होतो, मग खडू परत घसरेल आणि इथे दुसरा धागा उघडावा लागेल. घरात जिलेटिन चालत नसेल तर मेथिल सेल्युलोज, १ ते दीड ग्रॅम १०० मिलीला. खळ थोडी कमजोर बसते, पण काम भागतं. मी-तांतला काही लावायची गरज नाही, त्याला आधीच खळ आहे.

पावसाळ्याचं. कागद वर येतो कारण एक बाजू मोकळी, एक फळ्याला टेकलेली, ओल एकाच बाजूने शिरते. काम नसताना तो फळ्यावर चिकटवून ठेवू नका. दोन टीपकागदांच्या मध्ये ठेवून वर सपाट फळी आणि चार-पाच किलो वजन ठेवा. ओलसर कागदावर खडू नेहमीपेक्षा गडद आणि चिकट लागतो, कोरडा झाल्यावर फिका दिसतो. म्हणून सकाळी काढलेली सावली दुपारी कमी वाटते. पावसाच्या दिवसात तिसरा थर दुपारी द्या.

फिक्सेटिव्ह, म्हणजे खडू पक्का करणारा फवारा, नको. दमट हवेत फवारा मारला की पांढरट साय धरते आणि लाल रंग काळवंडतो. केसांच्या स्प्रेने कागद पिवळा पडतो. लाल खडू मुळातच चांगला धरून राहतो, वर ग्लासीन, म्हणजे गुळगुळीत, अर्धपारदर्शक कागद, ठेवला की पुरे. प्लॅस्टिकची पिशवी मात्र नको. ती घासून स्थिर विजेने भुकटी उचलते, शिवाय ओल आत कोंडते. फ्रेमला ॲक्रिलिकऐवजी काच, तेही त्याच विजेमुळे. काच आणि कागदात ३-४ मिलीमीटरचं अंतर आणि मागे आम्लविरहित पुठ्ठा. भिंत बाहेरची, पावसाचा मारा असलेली नको. खोलीतला दमटपणा ६५ टक्क्यांवर टिकून राहिला की बुरशी धरते. छोटा आर्द्रतामापक कपाटात ठेवा आणि सिलिका जेलच्या पुड्या रंग बदलला की वाळवून परत वापरा. डांबराच्या गोळ्या चित्राजवळ ठेवू नका.

नदीकाठच्या पेठांत राहत असाल तर जून ते सप्टेंबर चित्रांचं कपाट तळमजल्यावर नको. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट आहे. इशारा यायच्या आधी वर न्या, तेव्हा बाकीच्या सामानाचीही धावपळ असते. चित्र भिजलंच तर पुसू नका, दाबू नका, चित्राची बाजू वर करून टीपकागदावर आडवं ठेवा आणि पंख्याचा वारा छताकडे वळवा. नुसता खडू भिजून बराचसा जागीच राहतो. हात लावला की जातो.

पुढेमागे पांढरा वापरणार असाल तर एक लक्षात ठेवा. जुन्या चित्रांत काही ठिकाणी उजेडाच्या जागा काळ्या पडलेल्या दिसतात. तिथे शिशाचा पांढरा रंग ब्रशने लावलेला असतो आणि हवेतल्या गंधकाने त्याचं काळं सल्फाइड झालेलं असतं. पांढऱ्या खडूचं तसं होत नाही. नक्कल करताना तो काळा डाग सावली समजून काढणारे लोक आहेत. तसंच वेनिसचा निळा कागद आज करडा-बदामी दिसतो, उजेडाने निळा उडालेला असतो. तिश्यानच्या त्या पायांच्या अभ्यासाची नक्कल करायची झाली तर कागद निळाच घ्या, आज प्रतिमेत दिसतो त्यावर जाऊ नका.

ओळंबा

थोडी भर. तिश्यानने हाच पीटर मार्टरचा प्रसंग वेनिसच्या सांती जोव्हान्नी ए पाओलो चर्चसाठी रंगवला होता, १५३० मध्ये पुरा झाला. पोर्देनोनेचं हे चित्र त्याच कामासाठीच्या चढाओढीतलं. तिश्यानचं मूळ १८६७ च्या आगीत जळालं, आता नकला आणि छापील प्रतींवरूनच कळतं. त्यात मारेकरी पडलेल्याचा झगा पकडून उभा आहे आणि सोबती बाहेरच्या दिशेने पळतोय. तुमच्या मांडणीला तो ताण उपयोगी पडेल: मारेकऱ्याचा एक हात वर, दुसरा झगा ओढतोय. दोन्ही हात एकाच खांद्यांच्या रेषेला उलट दिशांनी खेचतात, त्यामुळे खांद्यांची रेषा आणि कमरेची रेषा एकमेकींना तिरक्या होतात. मॉडेलच्या रिकाम्या हातात जड पोतं द्या. नुसतं ‘ओढल्यासारखं कर’ सांगितलं तर दंड फुगतो, पण पाठ वळत नाही.

मोठ्या चित्रांत आकृती कशा गुंफतात ते प्रत्यक्ष बघायला औंधचं श्रीभवानी संग्रहालय आहे, पंतप्रतिनिधींनी १९३८ मध्ये उभारलेलं. पाश्चात्त्य चित्रांच्या प्रती तिथे आहेत. वही न्या, रंग बघू नका, फक्त प्रत्येक आकृतीचा ओळंबा कुठे पडतो तेवढं टिपा.

रेघोट्या_विश्रामबाग

ग्लासीन सांगलीत मिळेना. बटर पेपर चालेल का?

जुना_कागद_मिरज

तात्पुरता चालेल, दोन-तीन आठवडे. मेण लावलेला नको, नखाने खरवडून बघा, पांढरी रेघ उमटली तर मेण आहे. ठेवताना चित्रावर सरकवू नका, वरून सरळ खाली सोडा, आणि काठाला मागून दोन ठिकाणी कागदी पट्टीने अडकवा. ग्लासीन पुण्याहून मागवताना गुंडाळी करून पाठवायला सांगा, घडी घातलेल्याची कड खडूवर उमटते.